सोलो सुरू झाला की बँड बसतो

एकतारी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

पुण्यात आमचा चौघांचा कव्हर बँड (दुसऱ्यांची गाणी वाजवणारा) आहे. गायक, बास, ड्रम्स आणि गिटारवर मी. अर्धी गाणी जुन्या इंग्रजी रॉकची, अर्धी हिंदी. गेल्या वर्षापर्यंत पाच जण होतो. दुसऱ्या गिटारवाल्याला बंगळूरला नोकरी लागली आणि तो पेढे वाटून गेला. आम्ही म्हटलं, घेऊ चालवून, तिघातिघांचे बँड गाजलेत जगात.

चालतंयही, गाणं सुरू असेपर्यंत. मी सोलोसाठी (गिटारने एकट्याने वाजवायच्या तुकड्यासाठी) वरच्या पडद्यांवर सरकलो की मात्र भरल्या घरातून कुणी सामान बाहेर काढल्यासारखं वाटतं. मागच्या शनिवारी बाणेरला वाजवलं, मित्राने मागच्या टेबलावरून मोबाइलवर रेकॉर्ड केलं. ते ऐकलं आणि जेवण गेलं नाही. सोलोच्या आधी भिंत उभी, आणि सोलोत एक बारीक पिपाणी, खाली बासचं ढुम ढुम, मागे झांजा. बाकी शून्य. सूर चुकले नव्हते हो! तरी लोकांनी नेमकं तेव्हाच वेटरला हाक मारली.

करून पाहिलेलं: गेन, म्हणजे खरखर, वाढवला (आणखीच बारीक झालं), आवाज वाढवला (साउंडवाल्याने खाली ओढला), भरपूर डिले, म्हणजे प्रतिध्वनी, टाकला (बाथरूम).

अटी: नवा गिटारवाला नको, चौघांच्या सुट्ट्या जुळवतानाच जीव जातो. लॅपटॉपवरचा आधीच रेकॉर्ड केलेला ट्रॅक गायकाला मान्य नाही. बासवाला भला माणूस आहे, पण कॉर्डचा मूळ सूर सोडून कुठे जात नाही. पुढचा कार्यक्रम तीन आठवड्यांनी. आणि यादीत ईगल्सचं ते 1976 चं हॉटेलवालं गाणं, 'हॉटेल कॅलिफोर्निया', आहे, कारण ते न वाजवता पुण्यात कुठल्याही बँडला स्टेजवरून उतरू देत नाहीत.

काय करू?

---

बास_की_राव

बासवाल्याला भला माणूस म्हणून सोडून देताय, तिथेच गडबड आहे.

आकडे बघा. बासची सगळ्यात जाड मोकळी तार 41 हर्ट्झला वाजते, गिटारची 82 ला. तुम्ही रिदम (गाण्याखालच्या कॉर्ड) वाजवता तेव्हा साधारण 82 पासून वरचा सगळा मधला पट्टा तुमच्या ताब्यात असतो. सोलोला तुम्ही पहिल्या तारेच्या बाराव्या पडद्यावर गेलात की तुमचा सूर 659 हर्ट्झ. खाली तुमचा भला माणूस 50-60 च्या आसपास. मधे कोण आहे? कुणी नाही. तुम्हाला ऐकू येतंय ते हे भगदाड, आणि ते गिटारने बुजत नाही कारण गिटार वर गेलीय. बासलाच वर यावं लागतं.

दोन गोष्टी करायला सांगा. एक, सोलोपुरता ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं पेडल). पण गिटारचं पेडल सरळ बासला लावू नका. गिटारची बरीच ओव्हरड्राइव्ह पेडलं खालचा बास मुद्दाम कापतात. ट्यूब स्क्रीमर या पेडलचा भर 720 हर्ट्झच्या आसपास असतो, त्याच्या खालचं तो कमी करत जातो. गिटारला ते छान, बासचा मात्र पाय कापला जातो. स्वच्छ आवाज आणि खरखरीत आवाज एकत्र मिसळता येतील असं काहीतरी हवं. सॅन्सॅम्पच्या बासच्या पेडलला ब्लेंडचं बटण असतं, बॉसच्या ओडीबी-3 ला बॅलन्सचं. खालचा सूर स्वच्छ ठेवायचा, वरून फक्त वाळू भुरभुरायची.

दोन, दहावा स्वर. मूळ सूर आणि त्याच्या वरच्या सप्तकातला गंधार एकत्र. खाली जवळजवळचे दोन सूर वाजवले तर चिखल होतो, इतकं अंतर ठेवलं की दोन्ही सुटे ऐकू येतात आणि गंधार असल्यामुळे मेजर की मायनर तेही कळतं. रिदम गिटारचं निम्मं काम तिथेच झालं.

---

एकतारी

दादा, खूप आभार. आमचा माणूस थेट मिक्सरमध्ये घुसवतो, पेडल एकही नाही. ओव्हरड्राइव्ह बघतो उसना मिळतो का. दहावा स्वर त्याला बोटांनी कसा दाखवू? मला बास येत नाही.

---

बास_की_राव

दादा नाही, ताई. असो, सवय आहे.

सोपं आहे. मूळ सूर जाड ई तारेवर, गंधार जी तारेवर, मधल्या दोन तारा सोडायच्या. मायनर असेल तर दोन्ही एकाच पडद्यावर. मेजर असेल तर जी तारेवरचं बोट एक पडदा पुढे. बस्स, एवढाच नियम. तुमच्या हॉटेलच्या गाण्यावरच सांगते, सोलोखाली तेच आठ कॉर्ड फिरतात:

बी मायनर: 7 आणि 7. एफ शार्प: 2 आणि 3. ए: 5 आणि 6. ई: मोकळी आणि 1. जी: 3 आणि 4. डी: 10 आणि 11. ई मायनर: दोन्ही मोकळ्या. पुन्हा एफ शार्प.

अंगठ्याने जाड ई तार, मधल्या बोटाने जी तार, एकदम. पिकने जमणार नाही. एका रविवारात बसेल. डीसाठी उडी मोठी आहे, तिथे तो कुरकुरेल, तिथे त्याला नुसता मूळ सूर वाजवू द्या.

---

एकतारी

ताई, माफी! लिहून घेतलं. दंडवत.

---

ठेकेदार

ड्रमर बोलतोय. नेहमीप्रमाणे आमचा विचार कुणी केलेला नाही.

सोलो आला की आमच्या जमातीला वाटतं, आता मोकळीक. मग तो टॉमवर (सुट्या ड्रमांवर) धावतो, हायहॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) उघडी टाकतो, दर दोन मात्रांना क्रॅशची झांज. त्याला वाटतं जागा भरतोय. भरतोय, पण कुठे? झांजांचा फेस वरच्या पट्ट्यात असतो आणि गिटारचा सोलोसुद्धा तिथेच कडेला धडपडत असतो. मधलं भगदाड तसंच, वर चेंगराचेंगरी. मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये तर झांजाच झांजा.

मी काय करतो: कडव्यात हायहॅट बंद, सोलोत राइडच्या मोठ्या झांजेवर. त्याने चाल मोठी झाल्यासारखी वाटते. हॅट सोडल्यावर बासड्रम थोडा दाट करतो, जिथे एक ठोका होता तिथे दोन, पण बासवाल्याशी ठरवून, त्याच्याच आघातावर. बासड्रम आणि बास असे दोघं एका जागी पडले की जाडी येते. फ्लोअर टॉमवर चाल धरणं हाही एक मार्ग, तो खरंच मधला पट्टा भरतो, पण गाण्याला शोभला तर.

आणि वेग! सोलोत हमखास पळतो आपण. पळालं की सगळं आणखी पातळ. प्रॅक्टिसला मेट्रोनोम लावून सोलोच्या आधीचा आणि नंतरचा वेग मोजा, लाज वाटेल. मला वाटली होती.

---

ट्रॅकवाला

इतका आटापिटा कशाला? 2 हजारांच्या फोनमधूनही होईल असं काम आहे. स्टिरिओ फाइल बनवा, डाव्या बाजूला क्लिक (मेट्रोनोमचा ठोका), उजव्या बाजूला रिदम गिटार आणि पॅड (कीबोर्डचे लांब सूर). डावी बाजू फक्त ड्रमरच्या कानात, उजवी मिक्सरला. मोठमोठे बँड करतात. प्रेक्षकाला भरगच्च आवाज हवा, तो कुठून आला याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

---

ठेकेदार

आणि गायक एक कडवं विसरला की? ट्रॅक थांबत नाही, साहेब. आमचा गायक एकदा सोलोत प्रेक्षकांत उतरून नवरदेवाला नाचवायला गेला, चार आवर्तनं जास्त गेली. जिवंत माणसं होती म्हणून निभावलं. ट्रॅक असता तर वरात पुढे आणि बँड मागे.

---

ट्रॅकवाला

मग लूपर वापरा. कडव्याच्या कॉर्ड पहिल्या फेरीत रेकॉर्ड, सोलोत पाय मारला की सुरू. ट्रॅकची भीतीही नाही.

---

ठेकेदार

लूप दाबताना गिटारवाला एक केसभर उशिरा दाबतो, आणि मग तो केस दर आवर्तनाला परत येतो. ड्रमरला लूप मॉनिटरमध्ये स्वच्छ ऐकू आला तर ठीक, लहान जागी मॉनिटर एकच असतो आणि तो गायकाच्या तोंडासमोर. एकट्याने कॅफेत वाजवायला लूपर उत्तम. ड्रमरसोबत, मी तर हात जोडले.

---

ट्रॅकवाला

तुमचा अनुभव तुमच्यापाशी. मी चार वर्षं ट्रॅकवर वाजवतोय, कुणी पैसे परत मागितले नाहीत.

---

पेटीवाला_नाना

मुक्काम पोस्ट सांगली. वय अडुसष्ट. विजेची गिटार आयुष्यात हातात धरलेली नाही, तरी धागा शेवटपर्यंत वाचला. पन्नास वर्षं पेटीची साथ केली, नाटकांत आणि बैठकीत. तुमची अडचण मला अगदी घरची वाटली, म्हणून दोन शब्द.

तबल्याचं स्वतंत्र वादन ऐकलंय का कधी? त्यात तबलजी राजा. कायदे, रेले, गती, चक्रदार, वाट्टेल तिकडे जातो. आणि शेजारी पेटीवाला किंवा सारंगीवाला एकच ओळ धरून बसलेला असतो. तीनताल असेल तर सोळा मात्रांची एक ओळ, तासभर तीच. तिला लेहरा म्हणतात, नगमाही म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं हा काय करतोय, काही नाही. पण तो थांबला की तबलजीचं पांडित्य हवेत. सम कुठे आहे ते त्या ओळीमुळे कळतं, आणि तबलजी किती लांब जाऊन परत आला त्याची गंमतही त्या ओळीमुळेच.

तुमच्या सोलोत लेहरा कोण धरतो? तुम्ही म्हणता बासवाला मूळ सूर वाजवतो. मूळ सूर म्हणजे लेहरा नव्हे. लेहऱ्याला चाल लागते. ऐकणाऱ्याच्या कानात आधीच बसलेली. तुमच्या गाण्याची ओळखीची जी गत असेल (तुम्ही मंडळी रिफ म्हणता वाटतं, नातवाला विचारून घेतलं), ती सोलोत सोडून का देता? ती तुम्ही सोडली की बासवाल्याने उचलावी. तेवढी एक ओळ शाबूत राहिली तर बाकी पोकळी असली तरी कुणाला पोकळी वाटणार नाही.

माझी एक चूक सांगतो. तरुणपणी लेहरा धरताना मला कंटाळा यायचा, मी मधेच हरकती टाकायचो. एका बुजुर्ग तबलजींनी वादन थांबवलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, पुन्हा सुरू केलं. त्यानंतर हरकत घेतलेली नाही.

---

बास_की_राव

नाना, साष्टांग. वीस वर्षं बास वाजवतेय, हे असं कुणी समजावलं नव्हतं.

आणि हे खरंच घडतं. ब्लॅक सॅबथ घ्या, गिटार एकच, टोनी आयोमी. तो सोलोला गेला की बासवाला गीझर बटलर रिफ धरून बसायचा, किंवा तिच्या आसपास फिरायचा. दिल्लीचा इंडियन ओशन हा बँड घ्या. सुष्मित सेन होता तेव्हा (2013 पर्यंत) त्याची एकच गिटार, आणि राहुल रामचा बास स्वतःच एक धुन घेऊन चाललेला असायचा. त्यांची गाणी लोक बासच्या ओळीवरून ओळखतात.

---

म्हापशेकार

नानांना पाया पडणे. माझे वडील लग्नाच्या बँडात होते, मी बारावीनंतर त्यांच्याबरोबरच चालू झालो, त्यामुळे माझं मत पोटापाण्याचं आहे.

पात्रांव, तुम्ही कॅसेटला फार मानता. कॅसेटवर जे ऐकता ते एका गिटारवाल्याने केलेलं नसतं, एकाच माणसाने चार वेळा वाजवून एकावर एक ठेवलेलं असतं. लेड झेपेलिनमध्ये गिटारवाला एकच, पण जिमी पेज स्टुडिओत थरावर थर चढवायचा. स्टेजवर जॉन पॉल जोन्स बास सोडून कीबोर्डवर बसायचा. रशचा गेडी ली बास वाजवता वाजवता पायाने मूग टॉरस पेडलांवर खालचे सूर धरायचा आणि वर गायचासुद्धा. हे कुणी सामान्य माणसाने करायचं काम नाही. उलट व्हॅन हेलनचा 1978 चा पहिला अल्बम हेडफोनवर ऐका. गिटार एका बाजूला, दुसऱ्या बाजूला तिचीच घुमारलेली सावली. फार थर नाहीत. तरी पोकळ वाटतं का?

कारण त्यांचा गिटारवाला एडी सोलो वाजवताना रिदम पूर्ण सोडत नाही. दोन वाक्यांच्या मधे खाली येऊन एक कॉर्ड हाणतो आणि परत वर. हेच करा. तुम्ही चार मात्रा बोला, एक मात्रा खाली या, कॉर्ड मारा, परत जा. एकेरी तारांऐवजी जोडीने तारा वाजवा, तिसरा किंवा सहावा अंतर ठेवून. मोकळी तार वाजती ठेवता आली तर ठेवा, ती तुमचा तानपुरा. वेगवान ताना निम्म्या करा. लग्नात कुणी तुमच्या ताना मोजत नाही, लग्नात बघतात पाय हलतोय का.

आणि सोलो लांबवू नका. सोळा आवर्तनांचा असेल तर आठ. भगदाड आठ आवर्तनांत दिसेपर्यंत गायक परत आलेला असतो. फसवणूक वाटेल, पण माझे वडील आयुष्यभर असंच वाजवून घर बांधून गेले.

---

फेडरवर_बोट

मिक्सरच्या या बाजूने. बारा वर्षं साउंड करतोय, लग्न, कॉलेज, गणपती, सगळं.

एकतारी, तुम्ही गेन वाढवला तेव्हाच केस हरलात. गेन म्हणजे आवाज नाही. आधीच तापलेल्या अँपला पुढून बूस्ट दिला की तो आणखी चिरडतो, मोठा होत नाही, उलट बारीक आणि फेसाळ होतो. सोलोचा बूस्ट डिस्टॉर्शनच्या नंतर लावायचा. अँपला इफेक्ट्स लूप (डिस्टॉर्शननंतर पेडल जोडायची जागा) असेल तर त्यात. बॉसच्या जीई-7 सारखा साधा ग्राफिक इक्वलायझर असेल तर 800 हर्ट्झ आणि 1.6 किलोहर्ट्झच्या पट्ट्या जरा वर, 100 ची जरा खाली, आणि शेवटची लेव्हलची पट्टी 3-4 डेसिबलने वर. जास्त नको. 10 डेसिबल म्हणजे कानाला जवळजवळ दुप्पट, तेवढं केलंत तर मी तुम्हाला खाली ओढणारच, तो माझा धर्म आहे.

घरी बसून ठरवलेला टोन स्टेजवर घेऊन येऊ नका. घरी एकट्याने वाजवताना मधला पट्टा कापलेला गोड वाटतो, बँडमध्ये तोच पट्टा म्हणजे तुम्ही. तो कापला की तुम्ही नाहीतच.

डिले बंद करू नका, मोजून लावा. 60,000 भागिले गाण्याचा बीपीएम (मिनिटाला किती मात्रा), म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद. 75 च्या गाण्याला 800. त्याचा पाऊण घ्या, 600. आवाज इतका कमी ठेवा की चालू असताना कळू नये, बंद केला तर कळावं. दोन-तीन वेळा परत येऊन संपावा. तुमचं बाथरूम झालं कारण तो गाण्याच्या मात्रेत नव्हता आणि मोठा होता. स्टिरिओच्या भानगडीत पडू नका, लहान जागी सगळं मोनोच असतं.

शेवटची विनंती, हात जोडून. गाण्यांची यादी साउंडवाल्याला द्या आणि सोलो कुठे आहे ते लिहा. "तिसऱ्या कडव्यानंतर गिटार, तेव्हा बास वर." एवढंच. आम्हाला गाणी पाठ नसतात. सोलोत बास दीड-दोन डेसिबलने वर घेतला की निम्मं भगदाड तिथेच बुजतं, पण कुणी सांगितलं तर ना.

---

वाचनखूण

वाखूसा (वाचनखूण साठवली). वाजवत काही नाही, पण धागा एकदम खमंग. गायक सोलोत काय करतो हे कुणीच विचारलं नाही?

---

एकतारी

पाणी पितो. आणि केस मागे घेतो.

---

बास_की_राव

हा हा! त्याला कामाला लावा. हॉटेलच्या गाण्याला तर तयार उपाय आहे. रेकॉर्डवर सुरुवातीची ती बारा तारांची गिटार सातव्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून वाजवलीय. म्हणजे त्याला बी मायनर वगैरे शिकायची गरजच नाही. कॅपो सातवर, आणि बोटं शिकाऊ कॉर्डची: ई मायनर, बी सेव्हन, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी सेव्हन. सोलोत त्याने हे साधं झणकारत ठेवलं की झालं. ते वरच्या पट्ट्यात चमकतं, खाली माझी दहाव्या स्वराची जोडी, तुम्ही मधे मोकळे. ज्या गाण्यांत गिटार जमणार नाही तिथे हातात खुळखुळा किंवा डफली द्या. पाणी नंतर.

त्या गाण्याचा शेवटचा सोलो डॉन फेल्डर आणि जो वॉल्श अशा दोघांचा आहे, हे विसरू नका. शेवटी दोघं जोडसुरात उतरतात तिथे एकट्याने दोन्ही ओळी घ्यायचा हट्ट नको.

---

म्हापशेकार

एक उलट बाजूही सांगतो. 'द पोलिस' हा तिघांचा बँड होता. अँडी समर्स जागा भरतच नाही. दोन कॉर्ड टाकतो, थांबतो, डिले आणि कोरस हे इफेक्ट त्यांना पसरवतात. त्यांची पोकळी ठरवून ठेवलेली आहे, म्हणून ती पोकळी वाटत नाही. तुमच्या यादीत एखादं तरी गाणं असं असू द्या ज्यात सोलोला सगळेच खाली येतात. आधीच ठरवून शांत झालात तर लोक कान टवकारतात. अचानक पातळ झालात तर वेटरला हाक मारतात.

---

एकतारी

मंडळी, तीन आठवडे झाले. काल वाजवलं. वृत्तांत.

ओव्हरड्राइव्ह मित्राकडून उसना मिळाला, ब्लेंडवाला. पहिल्या प्रॅक्टिसला बासवाल्याने ब्लेंड पूर्ण फिरवला आणि खोलीत मधमाश्यांचं मोहोळ उठलं. खाली काहीच उरलं नाही. मग हळूहळू मागे येत येत साधारण तिसऱ्या हिश्श्यावर ठेवला. एकट्याने ऐकलं तर घाण वाटतं, सगळ्यांबरोबर ऐकलं तर बास फक्त जाड वाटतो, खरखर कुठे जाते कळत नाही. ताई, दहावा स्वर एका रविवारात नाही, तीन रविवारांत बसला. डीला त्याने उडी मारलीच नाही.

नानांचा लेहरा आम्ही चार गाण्यांत लावला. सोलोत बास रिफ धरतो, मी सुटतो. यातल्या दोन गाण्यांत अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. एकात मात्र आपटलो, कारण सोलोखाली कॉर्ड बदलतात आणि रिफ त्यांच्यावर बसत नाही. ते आम्ही प्रॅक्टिसलाच ओळखायला हवं होतं. त्या गाण्यात आता बास कॉर्डबरोबर जातो आणि मी म्हापशेकारांच्या पद्धतीने मधे मधे खाली येऊन कॉर्ड मारतो. सोलो सोळाचा आठ केला. सगळ्यात जास्त दुखलं ते हे.

ड्रमर राइडवर गेला. वेग मोजला, सोलोत आम्ही 112 वरून 119 वर जात होतो. ठेकेदार, लाज वाटली.

साउंडवाल्याला यादी दिली. त्याने ती घडी घालून खिशात ठेवली. दहाला लाउडस्पीकर बंद करायचा, त्यामुळे साउंडचेकला आठ मिनिटं मिळाली, त्यातली पाच गायकाच्या माइकने खाल्ली. पण दुसऱ्या सोलोत बास वर आला! म्हणजे खिशातून काढून वाचली असावी.

गायक गिटार घेऊन उभा राहिला. बी सेव्हन दर वेळी चुकला, पण झणकार आला. शेवटच्या जोडसुरांच्या भागात वरची ओळ मी वाजवली, खालची कुणीच नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, एक पांढऱ्या मिश्यांचे गृहस्थ सोडून. ते बिल देऊन जाताना माझ्याजवळ आले, म्हणाले, "खालचं राहिलं." आणि गेले.

मोबाइलवरचं रेकॉर्डिंग जोडत नाही, कारण त्यात मित्र मोठ्याने गातोय. पण भिंत पडत नाही आता. थोडी ओल येते फक्त.

नवीन अडचण: बासवाल्याला आता स्वतःचा सोलो हवाय.

---

बास_की_राव

द्या त्याला. हक्क आहे. आठ आवर्तनं.

---

पेटीवाला_नाना

उत्तम. मग तेवढा वेळ लेहरा तुम्ही धरायचा. हरकती न घेता.

---

ठेकेदार

आणि ड्रम सोलोचं काय ठरलं?

---

फेडरवर_बोट

तेव्हा मी चहाला जातो.